चाल तीच, मोटार नवी

मी कविता लिहितो. पण आमच्या घरची चूल पेटली ती लेथ मशीनच्या जिवावर. धुळ्यात अब्बांचं छोटं वर्कशॉप होतं. मशीन हरिहरचं. ज्या किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, त्यांचाच ‘म्हैसूर किर्लोस्कर’ हा कारखाना १९४१ साली हरिहरला निघाला. तिथलं एक जुनं लेथ अब्बांनी हप्त्याहप्त्यानं पैसे फेडून घेतलं होतं. आता धाकटा भाऊ त्यावर काम करतो. रसवंतीचे रोलर, ट्रॅक्टरच्या पिना आणि दसरा जवळ आला की जिनिंगचे शाफ्ट.

गेल्या वर्षी ऐन हंगामाच्या तोंडावर मोटार जळली. चालू मोटारीचा एक फेज गेला आणि पोऱ्याला ते कळलं नाही. तीन फेजची मोटार अशा वेळी लगेच थांबत नाही. ती कण्हत फिरत राहते, उरलेल्या तारांतून जास्त करंट ओढते आणि तापून जळते. विहिरीवरची मोटार अशी गमावलेले कितीतरी शेतकरी आज हे ऐकत असतील.

भाऊ फोनवर म्हणाला, “भाई, नवी आणतो. चार गिऱ्हाइकं खोळंबलीत.” मी म्हणालो, “अब्बांची मोटार आहे. जळगावला पाठव, भरून घेऊ.” पारोळा, एरंडोल करत मोटार टेम्पोनं जळगावला आली. आमच्या गल्लीजवळ मोटारी भरणारे एक आप्पा आहेत. त्यांच्या जुन्या वहीत हिची नोंद निघाली, १९९४ सालची. खाचा छत्तीस, वेढे इतके, तार अमुक गेजची. जुनं वाइंडिंग कापण्याआधी हे सारं मोजून लिहून ठेवायचं, हा आप्पांचा नेम.

आप्पांनी मोटार उघडली, आत बोट फिरवलं आणि मान हलवली.

“भाऊ, ही मधे कुणाकडे भरली होती?”

भरली होती. एकदा घाईत, दुसरीकडे. तिथं जुनी तार लवकर सुटावी म्हणून आत आग लावली होती. मोटारीचं लोखंड अखंड नसतं. पातळ पत्रे एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येकावर इन्सुलेशनचा थर असतो. फार आच लागली की तो थर जळतो, पत्रे आपसांत जोडले जातात. मग कितीही चांगली तार भरा, मोटार तापते आणि वीज जास्त खाते.

“लोखंड चांगलं असतं तर मीच भरली असती,” आप्पा म्हणाले. “आता भरली तर माझी मजुरी होईल, पण तुमचा भाऊ पुढच्या हंगामात पुन्हा अडेल. नवी घ्या.”

मोटारी भरून पोट भरणारा माणूस ‘भरू नका’ म्हणत होता. माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही.

आप्पांनी जुन्या पाटीवर बोट ठेवलं : ३ अश्वशक्ती, ९६० फेरे. “बाजारात लगेच मिळेल ती १४४० फेऱ्यांची. तशीच जोडली तर मशीन दीडपट पळेल. जुने बुश तापतील, मोठा चक त्या वेगात धोक्याचा. जुनी पुली ६ इंचाची ना? नवीला ४ इंचाची लावा.” मी कागदावर गुणाकार केला. ९६० गुणिले ६, ५७६०. १४४० गुणिले ४, तेही ५७६०. मशीनला कळणारसुद्धा नाही की मोटार बदलली.

मी मोटार जपायला निघालो होतो. खरं जपायचं होतं ते मशीनची चाल. अब्बांचा हात त्या चालीवर बसला होता, आणि त्यांच्याकडून भावाचा.

धुळ्यात नवी मोटार बसवली. बैठकीची भोकं जुळेनात, म्हणून खाली जाड पत्रा घेतला. पहिल्यांदा चालू करताना भावानं चक काढून ठेवला होता, ते बरं झालं. स्पिंडल उलटं फिरलं! आटे असलेला चक उलट्या फेऱ्यात सुटून अंगावर येऊ शकतो. मेन स्विच बंद करून भावानं तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली आणि स्पिंडल सुलट फिरलं. स्टार्टरजवळ सिंगल फेज प्रिव्हेंटरही बसवला. एक फेज गेला की तो मोटार बंद करतो. तो आधी असता, तर ही वेळच आली नसती.

दोन दिवस भाऊ कान देऊन उभा असे. नव्या मोटारीचा आवाज वेगळा, बारीक. तिसऱ्या दिवशी जिनिंगचा पहिला शाफ्ट उतरला. त्यानं मला फोन लावला, बोलला मात्र काही नाही. फोन मशीनजवळ धरला. मी जळगावात बसून ऐकलं. मोटार अनोळखी होती. पण लोखंडावरून हत्यार फिरत होतं, ते अब्बांच्याच लयीत.