परवापर्यंत ठीक होत्या!
(मंडळाच्या गणेशोत्सवात बंगळूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



गणपती ही बुद्धीची देवता, तेव्हा डॉक्टरांनी यंदा मेंदूवर बोलावं, असं संयोजकांनी सुचवलं. विषय दिला तो असा : जंतुसंसर्ग आणि शरीरातला दाह यांचा मेंदू, स्मरणशक्ती आणि वागणूक यांवर होणारा परिणाम. पाऊण तासात हा सगळा विषय मावायचा नाही. मी त्यातला एकच भाग निवडला आहे. आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील सांगली, सातारा, नागपूरकडचं घर बंद करून इथे मुलांकडे राहायला आले आहेत. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

आधी एक नेहमीचा अनुभव बघा. ताप आला की भूक जाते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, चिडचिड होते, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. आपण म्हणतो, अशक्तपणा आला. पण हा नुसता अशक्तपणा नव्हे. बेंजामिन हार्ट नावाच्या अमेरिकन पशुवैद्यांनी १९८८ साली हे नीट मांडलं. आजारी जनावर चारा सोडून कोपऱ्यात पडून राहतं, ते शक्ती वाचवून जंतूंशी लढण्यासाठी. हे वागणं मेंदूच घडवून आणतो. गंमत अशी, की जंतू मेंदूत गेलेलेच नसतात. ते असतात फुप्फुसात नाहीतर मूत्राशयात. तिथे लढणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात आणि त्यांचा निरोप रक्तातून, तसाच व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत मेंदूपर्यंत पोचतो. मग मेंदूतल्या मायक्रोग्लिया या राखणदार पेशी जाग्या होतात.

तरुण मेंदू हे सोसतो. चार दिवसांनी आपण ऑफिसला जातो. ऐंशीच्या पुढच्या मेंदूची शिल्लक कमी असते. त्यात अल्झायमरसारखा आजार आतल्या आत सुरू झाला असेल, तर या राखणदार पेशी आधीपासूनच चिडलेल्या असतात. छातीतला थोडासा कफ पुरतो आणि माणूस भ्रमात जातो. वैद्यकात याला डिलिरियम म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मोठा छान आहे : नांगर तास सोडून भरकटणं. आपल्या जुन्या माणसांकडेही यासाठी शब्द होता. ‘तापात वात झालाय, बरळतोय’ असं ती म्हणायची. निदान, हे तापामुळे आहे एवढं तरी त्यांना ठाऊक होतं! आजच्या शिकल्यासवरलेल्या घरांत तेवढंही लक्षात येत नाही.

एका घरातल्या आजींची हकीकत सांगतो. वय ८१. शुक्रवारपर्यंत शब्दकोडं सोडवत होत्या. शनिवारी संध्याकाळी सुनेला म्हणाल्या, “तुम्ही कुणाकडच्या?” रात्री साड्यांचं गाठोडं बांधून ‘गाडीची वेळ झाली’ म्हणत दाराशी उभ्या. मुलगा घाबरला. शेजारी म्हणाले, वयोमानाने होतं. रविवारी सकाळी आजी बऱ्याच सावरल्या, म्हणून दवाखाना टळला. संध्याकाळी पुन्हा तेच. ताप एकदाही नव्हता. मंगळवारी एक्स-रे काढला, तेव्हा न्यूमोनिया निघाला. घरच्यांनी तोवर ‘अल्झायमर’ हा शब्द नातेवाइकांना फोनवर सांगून टाकला होता.

या हकीकतीत सगळं आलं. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी येतो, तर डिलिरियम तासांत किंवा दोन-तीन दिवसांत. तो भरती-ओहोटीसारखा असतो : सकाळी ठीक, दिवेलागणीला बिघडलेला. आणि मुख्य म्हणजे लक्ष टिकत नाही. परीक्षा अगदी सोपी आहे. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. आपल्या आजींना मराठी महिने उलटे विचारले तरी चालतील : फाल्गुन, माघ, पौष... एरवी धडाधड सांगणारी व्यक्ती माघापाशी अडकून भलतीकडेच बघू लागली, तर समजावं. म्हाताऱ्या माणसाला गंभीर संसर्गातही ताप येईलच असं नाही, हेही ध्यानात असू द्या.

याचा दुसरा प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण त्यात आरडाओरड नसते. आजोबा नुसते पडून असतात, जेवताना पेंगतात, विचारलं तर ‘हूं’ म्हणतात. घरचे म्हणतात, ‘शांत झोपलेत बिचारे.’ अशा शांत आजोबांना कुणी दवाखान्यात नेत नाही.

आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांसाठी यात आणखी एक अडचण आहे. भ्रमात माणूस बहुधा मायबोलीवर येतो. वॉर्डातली नर्स कन्नड किंवा मल्याळम बोलणारी, डॉक्टर इंग्रजीत तारीख विचारणार. आजी म्हणणार, “आज चतुर्थी.” उत्तर अचूक, पण कागदावर नोंद होते ‘गोंधळलेली’! उलटही घडतं. आजी काय पुटपुटतात ते कळत नसल्याने ‘भाषेची अडचण’ म्हणून सोडून दिलं जातं आणि खरा भ्रम नजरेतून सुटतो. म्हणून मराठी बोलणारं कुणीतरी रुग्णाजवळ हवंच. आपलं मंडळ ढोल-लेझीम पथकासाठी चाळीस जण जमवतं, तर हॉस्पिटलात आळीपाळीने बसायला चार जण जमवणं कठीण नाही.

डॉक्टरांना सांगायचं मुख्य वाक्य एकच : “परवापर्यंत या ठीक होत्या.” परवापर्यंत काय काय करत होत्या, हेही सांगा. सगळ्या औषधांची पिशवी घेऊन जा. सर्दीची, खाजेची, झोपेची, वारंवार लघवीला होण्यावरची काही औषधं एकट्याने हा भ्रम आणू शकतात. रक्तातलं सोडियम किंवा साखर कमी होणं, पाणी कमी पडणं, लघवी तुंबणं, साधा बद्धकोष्ठ हीसुद्धा कारणं असतात. इथे एक सावधगिरी : वयस्क स्त्रियांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात. रिपोर्टमध्ये जंतू दिसले, की कारण सापडलं असं समजून बाकीचा शोध थांबवू नये. आणि घरच्या घरी झोपेची गोळी देऊ नये. तिने बहुधा गोंधळ वाढतो.

हॉस्पिटलात नेल्यावर चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी घरी विसरू नका. हे ऐकून हसू येतं, पण येल विद्यापीठातल्या डॉ. शॅरन इनूये यांनी १९९९ साली ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेळ-काळाची आठवण करून देणं, चालवणं, पाणी पाजणं, चष्मा-श्रवणयंत्र लावणं, रात्री झोप मोडू न देणं एवढंच एका गटात नेमाने केलं. नेहमीच्या गटात १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, या गटात ९.९ टक्क्यांना. यात महागडं औषध कुठलंच नाही. भ्रमात असलेल्या माणसाशी वाद मात्र घालू नये. ‘गाडी कुठली आलीय!’ असं ओरडण्यापेक्षा हात धरून ‘मी इथेच आहे’ म्हणावं.

तरुणांबद्दल थोडंसंच सांगतो. त्यांच्यात अचानक विचित्र वागणं, बोलण्यात अडखळणं आणि सोबत ताप, डोकेदुखी किंवा फिट असेल, तर जंतू थेट मेंदूत पोचल्याची शंका घ्यावी. हर्पिस विषाणूचा मेंदूज्वर स्मरणशक्तीच्या भागावरच घाला घालतो. त्यावर असायक्लोव्हिर आहे, पण तासांचा हिशेब असतो. क्षयाचा मेंदूज्वर मात्र दोन-तीन आठवडे नुसता कंटाळा आणि चिडचिड दाखवत दबकत येतो. २००७ साली डॉ. जोसेप डालमाऊ यांनी एक आजार वर्णन केला, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर उलटते. त्यात तरुण मुली भास झाल्यासारख्या वागू लागतात. वेळेवर उपचार झाले, तर बहुतेक रुग्ण सुधारतात. अशा मुलीला अंगारे-धुपारे करत बसणाऱ्यांना काय म्हणावं!

एक चिठ्ठी आली आहे : ‘यातून पुढे स्मृतिभ्रंश होतो का?’ धोका वाढतो, हे खरं. २००९ साली इंग्लंडमधल्या अल्झायमरच्या ३०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधल्या सहा महिन्यांत ज्यांना संसर्ग किंवा इजा झाली, त्यांची बुद्धी जवळपास दुप्पट वेगाने घसरली होती. म्हणून फ्लूची आणि न्यूमोनियाची लस टाळू नका. नागिणीच्या लशीबद्दल २०२५ साली वेल्समधून आलेली माहिती उत्साहवर्धक आहे : लस घेतलेल्यांत पुढच्या सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे एक-पंचमांशाने कमी आढळलं. पण डिलिरियममध्ये असतानाच स्मरणशक्तीची परीक्षा घेऊन कुणावर शिक्का मारू नये. संसर्ग बरा झाल्यावरही मेंदू निवळायला कित्येक आठवडे लागतात.

त्या आजींना दीड महिना लागला. गाठोड्याची रात्र त्यांना अर्धीमुर्धी आठवते आणि तिची त्यांना लाज वाटते. नातवंडं त्यावरून चेष्टा करत, ती मी बंद करायला सांगितली.

आरतीची वेळ झाली आहे. उरलेल्या चिठ्ठ्यांना प्रसादाच्या रांगेत उत्तरं देईन.