फुगवलेली फळी, पाण्यातला पंख आणि गटाचं कर्ज

 

आज कोकम सरबत नाही की गोधडी नाही. आज आम्ही एका फळीविषयी सांगणार आहोत. ही फळी हवा भरून फुगवायची. तिच्याखाली एक दांडा, दांड्याला विजेची मोटर आणि तळाशी पंख. माणूस वर उभं राहिलं आणि वेग आला की फळी पाणी सोडून हातभर वर येते आणि तशीच पुढे जात राहते. तिला ई-फॉइल म्हणतात. बाहेरून आलेली तयार घ्यायची तर कित्येक लाख रुपये पडतात. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी आयटीआयला इलेक्ट्रिशियन झाली आहे. तिनं दोन वर्गमैत्रिणींना घेऊन कर्ली खाडीच्या काठी, घराच्या पडवीत बसून ती तयार केली. खर्च आला १,२०,००० रुपये. त्यातले ५०,००० गटाचं कर्ज आहे, म्हणून हे आमचंही काम.

आधी ती वर येते कशी ते सांगतो. चालत्या एसटीच्या खिडकीतून लहानपणी सगळ्यांनी हात बाहेर काढलेला असतो. (मुलांना काढू देऊ नका.) तळवा जरासा वर केला की वारा हात उचलतो. पाण्यात तेच होतं, फक्त पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घट्ट, म्हणून विमानासारखा मोठा पंख लागत नाही. आमचा पंख जेमतेम मीटरभर लांब आणि वीतभर रुंद आहे. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरला फळी उठते. ती वर आली की पाण्याशी घासणं संपतं, मग मोटरला निम्म्याहून कमी जोर पुरतो.

ही युक्ती काही आजची नाही. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ साली माज्जोरे सरोवरात अशी पंखांची होडी चालवली होती. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात बांधलेली होडी १९१९ साली ताशी ११४ किलोमीटरनं गेली. तेव्हा त्यात मोठी इंजिनं होती. आता बॅटरी आणि मोटर लहान झाल्या, म्हणून ते आमच्या पडवीत मावलं.

फुगवायची फळी का? कारण गुंडाळून माळ्यावर ठेवता येते, आणि पडताना डोक्याला लागली तरी खोक पडत नाही. तिच्या आत वरचा आणि खालचा पडदा हजारो दोऱ्यांनी जोडलेला असतो, म्हणून हवा भरली तरी ती फुग्यासारखी गोल न होता सपाट राहते. हवा भरायची १५ पीएसआय, म्हणजे मोटारीच्या चाकात असते त्याच्या साधारण निम्मी. पण खरी अडचण इथेच आहे. फुगवलेल्या फळीला भोक पाडून बोल्ट मारता येत नाही, आणि दांडा तर घट्ट बसायला हवा. तो हलला की माणूस पडलंच.

मुलींनी १८ मिलिमीटरचं मरीन प्लायवूड घेतलं, त्याला काचेचं कापड आणि इपॉक्सी लावली, दांडा त्या प्लायला बोल्टनं कसला. मग फळीत अर्धी हवा असताना प्लाय खालून लावून रुंद पट्ट्यांनी आवळला आणि नंतर उरलेली हवा भरली. फळी फुगताना पट्ट्या आपोआप ताणल्या जातात. आमच्या एका आजींनी ते बघून लगेच सांगितलं की पट्ट्या सरळ नको, तिरक्या फुलीत घाला, नाहीतर प्लाय मागे सरकेल. खाट विणलेल्या हाताला हे शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी पट्ट्या फुलीत गेल्या.

बॅटरी लिथियमची, चौदा सेलची एक ओळ अशा आठ ओळी जोडून ११२ सेल. पूर्ण भरल्यावर ५८.८ व्होल्ट. ती त्यांनी स्वतः जोडली नाही. ई-स्कूटरच्या बॅटऱ्या बांधणाऱ्या कारागिराकडून ३४,००० ला करून घेतली, आणि आम्हाला हा निर्णय सगळ्यात आवडला. चार्जिंगचा नियम गटानं कागदावर लिहून पडवीत लावला आहे: डबा कोरडा झाल्याशिवाय चार्जर लावायचा नाही, झोपताना लावून ठेवायचा नाही, माळ्याखाली किंवा गवताजवळ तर नाहीच. खाऱ्या पाण्याची दुसरी गंमत म्हणजे ॲल्युमिनियमचा दांडा आणि स्टीलचा बोल्ट जवळ आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून बोल्टला ग्रीस, आणि खाडीतून आल्यावर प्रत्येक वेळी गोड्या पाण्याची आंघोळ.

आता कर्जाचं. त्या दिवशीची बैठक अडीच तास चालली. शेळी, शिलाई मशीन, कोंबड्यांची पिल्लं यांना आम्ही दहा मिनिटांत हो म्हणतो. खेळण्याला पैसे कशाला, असं निम्म्या जणींचं मत. उरलेल्या म्हणत होत्या की तारकर्लीला पर्यटक पाण्यातल्या खेळांसाठीच येतात, आणि तिथं यंत्र चालवणारी बाई दिसत नाही. शेवटी होडी वल्हवणाऱ्या एका काकी उठल्या आणि त्या मुलीला म्हणाल्या, "उडून काय करतलंस? माझो खांदो दुखता, तेचां काय तां सांग."

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांच्या गटानं होडी वल्हवत कांदळवनाची सफर सुरू केली, ते तुम्हाला माहीत असेल. त्यांचं बघूनच आमच्या चौघी होडी वल्हवतात. दिवसाला तीन फेऱ्या झाल्या की रात्री हात वर होत नाही. काकींचा प्रश्न आम्ही कर्जाच्या अटीत घातला: मोटर आणि बॅटरी फळीवरून काढून होडीला लावता आली पाहिजे. व्याज नेहमीचं, शेकडा महिना एक रुपया, हप्ता २,५०० चा, वीस महिने. जामीन तिघींच्या आया.

फळी उठली ती सहाव्या दिवशी. आधीचे पाच दिवस नुसतं पडणं. वजन पुढे गेलं की नाक खाली, मागे गेलं की पंख पाण्याबाहेर येतो आणि फळी एकदम आपटते. हेल्मेट, लाइफ जॅकेट, पंख्याला जाळी, आणि हातातला खटका सोडला की मोटर बंद, याशिवाय कुणी पाण्यात उतरत नाही. दांडा ७० सेंटिमीटरचा असल्यानं छातीभर पाणी लागतं, ते आमच्याकडे भरतीच्या आसपास दीड-दोन तासच मिळतं. उधाणाला ओढ फार, म्हणून भांगेचे दिवस निवडायचे. खडकाजवळ कालवं असतात. त्यांची धार पायाला जशी कापते तशी फळीलाही कापेल, म्हणून तो काठ सोडला.

एका चार्जवर फळी जेमतेम अर्धा तास चालते. तीच मोटर होडीला लावली तर सावकाश चालीनं तीन फेऱ्या झाल्या आणि बॅटरी उरली. काकी पहिल्या फेरीत वल्हं मांडीवर धरून बसल्या होत्या, सवयीनं. मात्र उधाणाच्या ओहोटीत ही मोटर कमी पडते. तिचा पंखा लहान आणि वेगानं फिरणारा आहे, होडीला मोठा आणि सावकाश फिरणारा हवा. तो मुली आता करून बघत आहेत.

पर्यटकांना फळीवर आम्ही अजून चढवलेलं नाही. पाण्यातल्या खेळांना मेरीटाइम बोर्डाची परवानगी लागते, विमा लागतो. ते झाल्याशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही, असं ठरलं आहे. सात हप्ते वेळेवर आले, तेही मुलींच्या वायरिंगच्या कामातून, फळीतून नाही. गटातल्या दोघी अजून म्हणतात की हे कर्ज द्यायला नको होतं, आणि दर बैठकीत त्या तसं बोलून दाखवतात. बोलू द्यावं. त्यांचेही पैसे आहेत.

बघायला यायचं असेल तर भांगेचे दिवस बघून या, आणि पावसाळा लागायच्या आत या.