दातदुखी : दंतवैद्याकडे पोहोचेपर्यंत



दातदुखीला आजार मानण्याची प्रथा ग्रामीण भागात अद्याप पुरेशी रुजलेली नाही. ताप आला की माणूस प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट धरतो; दाढ ठणकू लागली की मात्र गालावर हात ठेवून दिवस काढतो. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊ, सुगी आटोपल्यावर पाहू, असे म्हणता म्हणता महिने लोटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोक मुखरोगांनी ग्रस्त आहेत, आणि त्यांत किडलेल्या दातांचे प्रमाण सर्वाधिक आहे. दंतवैद्य गावोगाव उपलब्ध नाही, हे वास्तव आहे. म्हणूनच त्याच्याकडे पोहोचेपर्यंतच्या एक-दोन दिवसांत घरी काय करावे आणि काय टाळावे, हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

वेदना का होते?

दाताचे बाहेरील कवच अत्यंत कठीण असते. त्यात संवेदना नसते. त्याखाली दंतिनाचा थर आणि त्याच्या आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गाभा असतो. अन्नातील साखरेवर जगणारे जंतू आम्ल तयार करतात आणि ते आम्ल कवच झिजवीत जाते. कीड दंतिनापर्यंत गेली की थंड किंवा गोड पदार्थांनी दातात कळ येते. ती गाभ्यापर्यंत पोहोचली की गाभा सुजतो. परंतु भोवती कठीण भिंती असल्यामुळे त्या सुजेला पसरण्यास जागा मिळत नाही, आतील दाब वाढतो आणि दाढ ठणकू लागते. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो, म्हणून हा ठणका रात्री असह्य होतो.

पुष्कळदा काही दिवसांनी वेदना आपोआप थांबते आणि रोगी सुटकेचा निःश्वास टाकतो. प्रत्यक्षात अशा वेळी गाभा मृत झालेला असण्याचा संभव असतो. संसर्ग मात्र मुळाच्या टोकाकडून जबड्याच्या हाडात शिरत राहतो. वेदना थांबणे म्हणजे रोग थांबणे नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे.

घरी करावयाचे उपाय

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवून त्याने हळुवार चुळा भराव्यात. दातांच्या फटीत अन्नकण अडकला असल्यास तो स्वच्छ दोऱ्याने काढावा. टाचणी, पिन किंवा काडीने दात कोरू नये. गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ, आणि तो नसल्यास थंड पाण्याची घडी, दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्याव्यात.

लवंगेचा उपयोग आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे, आणि त्यामागे शास्त्रीय कारणही आहे. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य स्थानिक बधिरता आणते. दंतवैद्यही ते झिंक ऑक्साइडमध्ये मिसळून तात्पुरते भरण करण्यासाठी वापरतात. लवंगतेलाचा एखादा थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन फक्त दुखऱ्या दातावर ठेवावा. तेल अधिक झाल्यास हिरडी भाजते. ते गिळू नये, आणि लहान मुलांना तर देऊच नये.

प्रौढ व्यक्तीने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक, आवश्यक वाटल्यास दोन गोळ्या घ्याव्यात. दोन वेळांत किमान चार ते सहा तासांचे अंतर असावे आणि चोवीस तासांत आठ गोळ्यांची मर्यादा ओलांडू नये. सर्दी-तापाच्या अनेक औषधांत हेच द्रव्य असते, त्याचाही हिशेब धरावा. यकृताचा विकार असणाऱ्यांनी, नियमित मद्यपान करणाऱ्यांनी आणि अशक्त व्यक्तींनी प्रथम डॉक्टरांना विचारावे. मुलांची मात्रा वजनानुसार ठरते. आयब्युप्रोफेनसारखी औषधे गर्भवती स्त्रिया आणि जठरव्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी परस्पर घेऊ नयेत.

टाळावयाच्या गोष्टी

अॅस्पिरिनची गोळी दुखऱ्या दाताशी दाबून ठेवण्याची चाल आढळते. तिच्यामुळे वेदना शमत नाही. हिरडी व गालाची आतील त्वचा मात्र भाजून निघते. सुजलेल्या गालाला शेक देऊ नये. घरात उरलेल्या प्रतिजैविकांच्या कॅप्सूल घेणे तर सर्वथा अयोग्य होय. सुजलेल्या गाभ्याची वेदना त्यांनी थांबत नाही, आणि अर्धवट मात्रेमुळे जंतू मात्र औषधाला दाद देईनासे होतात. रस्त्याच्या कडेला बसून दात उपटून देणाऱ्यांची अवजारे निर्जंतुक नसतात. त्यांतून काविळीसारखे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

मिश्रीविषयी विशेष सांगणे आवश्यक आहे. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ही पूड अनेक घरांत, विशेषतः स्त्रियांत, दातदुखीवरचा उपाय म्हणूनच प्रवेश करते. क्षणभर बरे वाटते, दुसऱ्या दिवशी पुन्हा हात डबीकडे जातो, आणि औषध म्हणून आलेली वस्तू आयुष्यभराचे व्यसन होऊन बसते. मुखाच्या कर्करोगाचे तंबाखू हे प्रमुख कारण आहे. दात वाचविण्यासाठी जीव धोक्यात घालण्याचाच हा प्रकार होय.

विलंब करू नये अशी लक्षणे

ताप येणे, गालावरील सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरणे, तोंड उघडता न येणे, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास दंतवैद्याच्या भेटीची वाट पाहू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. जिभेखाली व गळ्यात पसरणारा संसर्ग काही तासांत श्वासमार्ग बंद करू शकतो. मधुमेही व्यक्तींच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. खालच्या जबड्यात दुखत असून छातीत दडपण, घाम किंवा धाप जाणवत असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा प्रसंगी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे.

गावाची जबाबदारी

जिल्हा रुग्णालयांत, तसेच अनेक उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत दंतचिकित्सेची सोय आहे. आपल्या गावाला जवळचे असे रुग्णालय कोणते, तेथे दंतवैद्य कोणत्या वारी व कोणत्या वेळी भेटतात, ही माहिती ग्रामपंचायतीने फलकावर लावली, तर अनेकांची एक मजुरी आणि एक हेलपाटा वाचेल. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत शाळा व अंगणवाड्यांतील मुलांच्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. तपासणीत कीड आढळलेल्या मुलाच्या पालकांना त्याच आठवड्यात बोलावून सांगणे, हे शिक्षकांच्या हातचे काम आहे. वर्गात एका बाजूनेच चावून खाणारे किंवा गाल धरून बसणारे मूल त्यांच्याच नजरेस प्रथम पडते.

घरगुती उपायांचे मोल आहे ते एवढ्यापुरतेच, की ते रात्र निभावून नेतात. ठणका थांबला तरी सकाळी रुग्णालयाची वाट धरावी. वेळेवर गेल्यास अनेकदा साध्या भरणाने दात वाचतो. उशीर झाल्यास तो काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही.