मुलांच्या उशाशीं असलेला मोबाइल
(ज्युबिलीनिमित्त पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या आनंदांत हा विषय कांहींस अप्रस्तुत वाटेल. तरी तो मांडणें भाग आहे. लंडनमधील एक चौदा वर्षांची मुलगी सन २०१७ च्या नोव्हेंबरांत आपल्या हातानें मरण पावली. शेवटच्या सहा महिन्यांत तिनें इन्स्टाग्रामवर जपून ठेवलेल्या, पसंत केलेल्या वा इतरांस धाडलेल्या सुमारें १६,३०० गोष्टींपैकीं २,१०० खिन्नता, आत्मपीडा व आत्महत्या यांविषयींच्या होत्या. असला कांहीं मजकूर तिनें मागितलाही नव्हता. यंत्रानेंच तो आपणहून पुढें केला. हा मजकूर तिच्या मृत्यूस अंशतः कारण झाला, असा निर्णय २०२२ सालीं चौकशी अधिकाऱ्यानें दिला.

ऑस्ट्रेलियानें १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस अशीं खातीं ठेवण्याची मनाई केली. नुसत्या मनाईनें सर्व साधेल असें मला वाटत नाहीं. मूल उदास दिसलें, रात्र रात्र जागूं लागलें, तर मोबाइल हिसकावून दटावूं नका. शेजारीं बसा, "काय पाहतोस, बाळा?" असें विचारा, व उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्या. जीव नकोसा झाल्याचा शब्द त्यांत आला, तर उद्यांवर न ढकलतां त्यास डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य मिळते.