नळीतल्या रक्ताचा प्रवास



पावसाळा लागला की आपल्या नाशकात डेंग्यूची धास्ती घरोघर असते. रक्त तपासून येते आणि त्या कागदावर आपण डोळे मिटून विश्वास टाकतो. पण दंडातून निघालेले रक्त तपासणीपर्यंत कसे पोचले, हे कोणी विचारीत नाही. आज तेवढेच सांगावयाचे आहे.

रोगाशी झुंजण्यासाठी शरीर प्रतिपिंडे तयार करते. साध्या नळीत रक्त अर्धा तास स्वस्थ ठेवले की ते साकळते, आणि दह्याला पाणी सुटावे तसे पिवळसर सीरम वर येते. ही प्रतिपिंडे त्या सीरममध्ये असतात. वेगळे काढलेले सीरम थंडाव्यात काही दिवस चांगले टिकते. मात्र सबंध रक्त बर्फासारखे गोठले तर तांबड्या पेशी फुटतात, सीरम लाल होते व तपासणी बिघडू शकते. पेठ-सुरगाण्याकडून नमुना यावयाचा तर नळी बर्फाला चिकटवून ठेवू नये ती यासाठी.

आता गंमत पाहा. काही प्रतिपिंडे अशी आहेत की थंडी लागताच ती तांबड्या पेशींना जाऊन बिलगतात. सीरम काढले की ती गाठीबरोबर खालीच राहतात, आणि अहवालात कमी दिसतात. अशा तपासणीचे रक्त सीरम निघेपर्यंत अंगाइतके, म्हणजे ३७ अंशांवर, उबदार ठेवावे लागते. फ्रिज म्हणजे सर्वांवर उपाय नव्हे!

डेंग्यूची प्रतिपिंडे साधारण पाचव्या दिवसापासून सापडू लागतात. दुसऱ्या दिवशीचे रक्त कितीही जपले तरी त्यात ती बहुधा मिळत नाहीत. तेव्हा वेगळी तपासणी लागते. म्हणून ताप कोणत्या दिवशी आला हे आईने नक्की सांगावे.

सीरमची किंमत कळावी म्हणून एक गोष्ट सांगते. १९५२ साली मुंबईच्या डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे मांडला. नुसत्या पेशी तपासल्या तर तो ‘ओ’ वाटतो. पण सीरम ‘ओ’च्या पेशींचेही गोळे करते. अशा बाळंतिणीला ‘ओ’ रक्त चढवले तर जिवावर बेतते.

तेव्हा रुग्णाजवळ बसलेल्या बाईने दोन गोष्टी पाहाव्यात. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त काढू देऊ नये, सीरम पातळ होते. आणि नळीवरचे नाव तिथेच, खाटेजवळ, लिहवून घ्यावे.