फोटो तिचा, नाव कुणाचे?

(वसई येथे महिला गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या वसई-विरार पट्ट्यात लग्नाचा ब्रास बँड आहे, नवरात्रातला गरबा आहे, गणपतीचे ढोल आहेत, ऑर्केस्ट्रा आहेत. गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींचे आपण कौतुक करतो. पण स्टेजपुढे कॅमेरा घेऊन कोण उभे असते, आठवून पाहा. बहुतेक वेळा मुलगाच.

नालासोपाऱ्याची एक मुलगी आमच्याकडे येते. तिला गाण्याच्या कार्यक्रमांचे फोटो काढायचे आहेत, तेही पोटापाण्यासाठी. आई म्हणते, "लग्नाचे काढ की, दिवसाचे. रात्री-बेरात्रीचे हे कसले काम?" आईला दोष कसा द्यायचा? तिच्या डोळ्यांपुढे शेवटची विरार लोकल असते आणि स्टेशनबाहेरचा अंधारा रस्ता.

पण हे काम रात्रीचेच आहे. स्टेजवर उजेड कमी, फ्लॅश मारला तर गाणाऱ्याची तंद्री मोडते. सूर लागतो तो क्षण ओळखायला गाणे कळावे लागते, आणि ते मैफलींपुढे वर्षानुवर्षे बसूनच कळते. पुण्याच्या सतीश पाकणीकरांनी थोर गायक-वादकांचे फोटो टिपले, ते अशाच बैठकीतून. मुलीला रात्र नाकारली की हे शिक्षणच नाकारले जाते.

१९९२ साली चर्चगेट-बोरिवली महिला स्पेशल सुरू झाली, पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. तिने ऑफिसला जाणाऱ्या बायकांची सोय केली. मध्यरात्री काम संपणाऱ्या नर्सची, हॉटेलात राबणारीची, या फोटोवालीची सोय कोण पाहणार?

दुसरा प्रश्न नावाचा. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो मात्र नवऱ्याच्या नावाने छापले गेले. पुढे, २०११ साली, त्यांना पद्मविभूषण मिळाले. आजही बाईचा फोटो आयोजकाच्या किंवा स्टुडिओच्या नावावर सहज खपतो.

म्हणून कायदा माहीत हवा. पैसे देऊन कुणी आपल्याकडून फोटो काढून घेतला, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने त्याची मालकी सहसा पैसे देणाऱ्याकडे जाते. वेगळे ठरले असेल तर ते आधीच कागदावर आणा. मात्र 'हा फोटो मी काढला' हे सांगण्याचा हक्क मालकी गेली तरी आपलाच राहतो. तसेच, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाची जागा' म्हणजे केवळ ऑफिस नव्हे. कामानिमित्त जावे लागते ते ठिकाण आणि मालकाने दिलेले वाहनही त्यात येते. दहापेक्षा कमी माणसे कामाला असतील, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची, तीन महिन्यांच्या आत.

आता आपले काम. आपल्या गटाच्या कार्यक्रमांचे फोटो मुलींकडून काढून घ्या. त्यांना पूर्ण मोबदला द्या, अंकात फोटोखाली नाव छापा. रात्री उशिरा परतणाऱ्या दोघी-तिघींची सोबत जुळवून द्या. आणि स्टेशनबाहेरच्या दिव्यांसाठी महापालिकेकडे अर्ज द्यायचा आहे. त्यावर सह्या केल्याशिवाय आज कुणी घरी जाऊ नका.