कचराभूमीचा विस्तार आणि सुनावणीतले न विचारलेले प्रश्न

मे 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांजूरमार्गच्या क्षेपणभूमीबद्दल निकाल दिला. मुंबईचा बहुतांश कचरा रोज जिथं रिकामा होतो, तिथली 119.91 हेक्टर जागा संरक्षित वन आहे, असं न्यायालयानं ठरवलं. ती जागा वनातून वगळणारी सरकारची 2009 ची अधिसूचना रद्द झाली. ‘वनशक्ती’ या संस्थेची ही याचिका 2013 मधली. म्हणजे निकालाला बारा वर्षं लागली आणि दरम्यान तिथं कचऱ्याचे थरांवर थर चढत गेले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं या निकालाला स्थगिती दिली, त्यामुळे गाड्या आजही तिकडेच जातात.

श्रोतेहो, ही जमीन मुळात कोणत्या प्रकारची, हा प्रश्न पर्यावरण अहवालाच्या पहिल्याच पानावर सुटायला हवा. तो सुटला नाही की पुढची सगळी पानं लटकी पडतात.

कचराभूमीला पर्यावरण मंजुरी लागते ती केंद्र सरकारच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार. प्रकल्पाचा अहवाल तयार होतो, मग जनसुनावणी होते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी, दोन वृत्तपत्रांत द्यावी लागते. सुनावणी भरवणं हे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा कमी दर्जाचे नसलेले प्रतिनिधी असतात. सारांश मराठीत मिळतो. मूळ जाडजूड अहवाल मात्र इंग्रजीत असतो. सुनावणीला गणसंख्येची अट नाही. मंडपात दहाच माणसं आली तरी ती झाली असंच धरलं जातं, म्हणून नागरिकांनी घरी बसणं महागात पडतं. हा अहवाल लिहिणारा सल्लागार कोण नेमतो आणि त्याचे पैसे कोण देतो? प्रकल्प करणाराच. सल्लागारानं मानांकन घेतलेलं असतं हे खरं, पण ज्याच्या प्रकल्पाची तपासणी त्याच्याकडूनच शुल्क, ही व्यवस्था निकोप म्हणता येणार नाही.

विस्ताराच्या वेळी तर वाट आणखी अरुंद होते. चालू प्रकल्प वाढवायचा असेल, तर त्याच अधिसूचनेनुसार नवा अहवाल आणि जनसुनावणी हवी की नको, हे तज्ज्ञ समिती ठरवते. कचरा दुप्पट होणार असला तरी शेजारच्या वस्तीला बोलण्याची संधी मिळेलच, याची हमी नाही.

आता पावसाचा मुद्दा. अशा अहवालांसाठी हवा-पाण्याचे मूळ नमुने सहसा एका ऋतूत घेतले जातात, आणि तो ऋतू पावसाळा सोडून निवडण्याची पद्धत आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. कचऱ्याच्या ढिगातून काळपट, उग्र वासाचं पाणी सर्वांत जास्त झिरपतं ते याच चार महिन्यांत. म्हणजे ज्या काळात धोका सर्वाधिक, तोच काळ मोजणीतून गळतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी भरावाच्या तळाशी 90 सेंटीमीटरचा मातीचा थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर सांगितलं होतं. भूजलाची सर्वोच्च पातळी त्या थराच्या किमान दोन मीटर खाली असावी, अशीही अट होती. कांजूरची जागा ठाणे खाडीच्या काठावर, कांदळवनाला लागून. तिथं ऑगस्टमधल्या भरतीच्या दिवशी ही अट पाळली जाते का, हे फेब्रुवारीत नमुना घेऊन कळणार नाही. याच खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झालं आणि 2022 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. विक्रोळीच्या कन्नमवारनगरातल्या रहिवाशांची रात्रीच्या वासाची तक्रार कैक वर्षांची आहे. पालिकेपासून न्यायालयापर्यंत ती पोहोचली, तरी खिडक्या बंदच ठेवाव्या लागतात.

खासगीकरणाचा धागा इथंच जोडला पाहिजे. कांजूरमार्गचं काम खासगी कंपनीकडे आहे, पंचवीस वर्षांच्या करारावर. अशा करारात प्रक्रियेचे पैसे टनावर मोजले जातात. दारातल्या वजनकाट्यावर गाडी चढते, आकडा नोंदतो, त्या आकड्यावरून बिल निघतं. घराघरांत ओला-सुका कचरा वेगळा झाला, ओला वॉर्डातच जिरला, सुका भंगारवाल्याकडे गेला, तर वजनकाट्यावरचा आकडा घटेल. शहराच्या हिताची गोष्ट ठेकेदाराच्या हिशेबात तोटा ठरते. पुनर्वापर होऊ न शकणारा कचराच भरावात जावा, असं 2016 चे नियम म्हणत होते; मग टनामागे पैसे देणारा करार त्या तत्त्वाला छेद देतो की नाही, हे तपासणारं कलम पर्यावरण अहवालात असायला हवं. बहुतेक वेळा करारनामा सुनावणीच्या मंडपात येतच नाही.

पुण्याचा अनुभवही डोळ्यांसमोर ठेवावा. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत 1991 पासून कचरा येऊ लागला, डेपो वाढत 163 एकरांवर गेला. विहिरींचं पाणी बिघडलं, टँकर सुरू झाले, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. तिथंही प्रक्रियेचा प्रकल्प खासगी कंपनीला दिला होता, आणि तो अपेक्षेप्रमाणे चालला नाही. त्याच पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेनं दारोदार जाऊन कचरा वेगळा घेण्याची पद्धत रुजवली. कचराभूमी कुंपणाआड गेली की भंगार वेचणाऱ्या बायांचं पोट तुटतं. त्यांचं पुढं काय, हेही सामाजिक परिणामांच्या प्रकरणात लिहिलं पाहिजे.

मुंबईतल्याच देवनारचा धडा तर सर्वांच्या स्मरणात असेल. 1927 पासूनच्या या क्षेपणभूमीला जानेवारी 2016 मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहातून दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मिथेन वायूची नोंद ठेवणं, भराव बंद केल्यावरही पंधरा वर्षं देखरेख करणं ही 2016 च्या नियमांत सांगितलेली कामं होती. कांजूरमार्गचा करार पंचविसाव्या वर्षी संपल्यावर ती कोणाच्या खर्चानं होणार, हे आजच लेखी मागून घ्यायला हवं.

आपल्या वॉर्डातल्या, आपल्या तालुक्यातल्या कचराभूमीच्या सुनावणीची सूचना छापून येईल, तेव्हा ते कात्रण जपून ठेवा. पालिकेकडे माहितीच्या अधिकारात करारनामा मागा, त्यातलं टनाच्या दराचं कलम वाचा. पावसाळ्यातले नमुने आणि जमिनीची वन नोंद लेखी हरकतीत मागा, अर्जाची पोच घ्या. आणि ठरलेल्या दिवशी तिथं हजर राहून तुमची हरकत इतिवृत्तात लिहून घेतली गेली आहे, याची खात्री करूनच घरी जा.